लेकराच्या बैलाला साचा नको

पोळ्याच्या आठवड्यात बालवाडीत मातीचे बैल करायचं ठरलं की विरोध सुरू होतो, आणि दरवर्षी तो त्याच तीन वाटांनी येतो. पहिली वाट पालकांची. ‘माह्या लेकराले माती खेळाची असती तर घरी काय कमी होती? शाळेत लिवाले शिकवा.’ दुसरी वाट स्वच्छतेची: जंत, जखमा, मळलेले गणवेश. तिसरी वाट शिक्षकांची, आणि तीच सगळ्यांत समंजस वाटते. एवढ्याशा मुलांना बैल जमत नाही, ओबडधोबड होतो, मूल हिरमुसतं. त्यापेक्षा साचा द्या, किंवा फळ्यावर पायऱ्या काढून द्या. आधी मोठा गोळा, मग लहान गोळा, चार सुरळ्या, दोन शिंगं. सगळ्यांचे बैल सारखे होतात, सुबक होतात, व्हरांड्यात ओळीने मांडता येतात.

पहिली दोन म्हणणी काळजीतून येतात. त्यांना माहिती देऊन उत्तर देता येतं आणि ते मी पुढे देणार आहे. तिसरं म्हणणं मला अधिक घातक वाटतं. ते मातीकामाला विरोध करत नाही. वेळापत्रकात जागा देतं, माती आणून देतं आणि मग मुलाने करायचं सगळं काम आधीच उरकून ठेवतं. म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

चार वर्षांचं मूल मातीसमोर बसलं की नेमकं काय करतं, हे न पाहताच आपण त्याला मदत करायला धावतो. ते आधी गोळा थापटतं, चिमटतं, बोट खुपसून भोक पाडतं, तळव्याखाली लांबवतं. या वेळी त्याला काही घडवायचं नसतं, माती काय काय करू देते एवढंच तपासायचं असतं. लांबलेल्या सुरळीकडे पाहून ते ‘साप’ म्हणतं. आकार आधी होतो, नाव नंतर मिळतं. काही दिवसांनी हा क्रम उलटतो. मूल आधी म्हणतं, मले बैल कराचा हाय. तिथून त्याच्या खऱ्या अडचणी सुरू होतात. पाय बारीक केले तर पोटाच्या भाराने वाकतात. डोकं मोठं झालं तर बैल पुढे तोंडघशी पडतो. मग एक मूल पाय खांबासारखे जाड करतं. दुसरं पोटाखाली मातीचा ठोकळा ठेवतं. तिसरं बैलाला खाली बसवतं आणि सांगतं, ‘हा बसेल हाये, रवंथ करून राह्यला.’ या तिघांनी भार आणि तोल यांचा प्रश्न आपापल्या बुद्धीने सोडवलेला असतो. फळ्यावरची पायरी क्रमांक तीन, म्हणजे चार सारख्या सुरळ्या, हा प्रश्न त्यांच्यासमोर येऊच देत नाही.

ज्याच्या घरी जोडी आहे असं मूल पुष्कळदा डोक्याच्याही आधी वशिंड करतं. ते बरोबर करतं. खांदमळणीला त्याच वशिंडाला आणि खांद्याला हळद-लोणी चोळताना त्याने बापाला पाहिलेलं असतं, जूही तिथंच बसतं. जे मूल गाईच्या धारेला आजीजवळ बसतं ते कासेत रमतं आणि कधीकधी बैलालाही कास लावून मोकळं होतं. शहरातल्या मुलाच्या बैलाला वेसण असते, झूल असते, बाशिंग असतं. वशिंड नसतं, कारण त्याने बैल फक्त पोळ्याला, सजलेला पाहिलेला असतो. तीन मुलांचे तीन बैल पाहून शिक्षिकेला कळतं की कोणाचं पाहणं कुठवर पोचलं आहे. साच्यातून निघालेल्या तीस बैलांवरून तिला फक्त साचा बनवणाऱ्याचं पाहणं कळतं.

क्लेअर गोलोम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांची चित्रं आणि त्यांचं मातीकाम यांचा एकत्र अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९७४ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं. माती हाती आली की लहान मूल कागदावरचाच आकार गिरवत बसत नाही. वस्तूला पुढची, मागची, वरची बाजू असते हे ते मातीत फार लवकर धरतं, असं त्यांचं म्हणणं आहे. जनावर हा विषय त्यासाठी मोठा सोयीचा. माणूस कागदावर काय नि मातीत काय, समोरूनच पाहिला जातो. चार पायांवर उभा असलेला बैल मात्र फिरवूनच करावा लागतो. मूल तो उचलतं, उलटा करतं, शेपटी लावायला मागे वळवतं. हे वळवणं हाच त्या तासाचा अभ्यास आहे.

‘साच्याने मुलाचा आत्मविश्वास वाढतो’ असं सांगितलं जातं. कशावरचा विश्वास? साच्यातून बैल निघाला की टाळ्या मिळतात, हे खरं. पण पुढच्या आठवड्यात त्याच मुलाला बकरी करावीशी वाटली आणि बकरीचा साचा कपाटात नसला, की ते हात मांडीवर ठेवून बसतं आणि म्हणतं, ‘मॅडम, तुमीच करून द्या.’ मी हे वाक्य फार ऐकलं आहे आणि ते जन्मजात कोणाच्याही तोंडी नसतं. ते शिकवलं जातं. आपण मुलाच्या हातातला बैल घेतो, ‘थांब, मी सरळ करून देते’ म्हणतो, शिंगं जुळवतो, कान सारखे करतो आणि परत देतो. मूल पुन्हा त्याला हात लावत नाही. त्या क्षणी तो बैल आपला झालेला असतो.

पायऱ्यांच्या बाजूने एक म्हणणं मात्र खरंच विचारात घेण्यासारखं आहे. सुताराचा, कुंभाराचा मुलगा बघून-बघूनच शिकतो, त्याला कोणी मोकळं सोडत नाही. मग बालवाडीतच अनुकरणाचा एवढा तिटकारा का? याला माझं उत्तर असं, की कुंभाराचं पोर आवा कसा रचतात आणि माती कशी मळतात ते पाहतं आणि ती हातोटी उचलतं. हातोटी दाखवायला माझी ना नाही. दोन तुकडे जोडताना दोन्हीकडे काडीने चरे ओढायचे, मध्ये चिखलाची पातळ लापशी लावायची आणि मग दाबायचं, हे मुलाला दाखवावंच लागतं; नाहीतर वाळताना पाय गळून पडतो आणि तो का पडला हे त्याला कधीच कळत नाही. एकाच गोळ्यातून चिमटून पाय बाहेर काढता येतात, तेव्हा जोडच राहत नाही, हेही दाखवावं. पण बैल कसा दिसतो हे दाखवू नये. ते दाखवायचंच असेल तर मुलांना गोठ्यात न्यावं, बैलाच्या पाठीवर हात फिरवू द्यावा, मागचा गुडघा कुठे वाकतो ते विचारावं आणि परत येऊन गप्प बसावं.

मोठ्या नावांचा आधार या वादात नेहमी घेतला जातो, म्हणून माँटेसरीबाईंचंही काढते. ‘माँटेसरी पद्धतीत मातीचे प्राणी नाहीत’ असं आपल्याकडच्या कित्येक शाळा सांगतात. १९१२ साली इंग्रजीत आलेल्या बाईंच्या पुस्तकात हस्तकामावर एक प्रकरण आहे. बालोद्यान काढणाऱ्या फ्रोबेलच्या हस्तव्यवसायांपैकी मातीकाम त्यांना सर्वांत सयुक्तिक वाटलं होतं. मुलांना मोकळी माती द्यावी, पण काहीही नक्कल करायला लावू नये, असं त्यांचं धोरण होतं. त्या मोकळ्या कामातून मुलाचा स्वभाव, त्याची जाण ओळखता येते, पण त्यातून शिक्षण होतं असं म्हणता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणून त्या भांडी घडवण्याकडे आणि विटा रचण्याकडे वळल्या. या निष्कर्षाचा उत्तरार्ध मला मान्य नाही. ज्या कामात मूल तोल, जाडी, ओल आणि भेग यांच्याशी झगडतं, त्याला शिक्षण न म्हणण्याचं कारण मला दिसत नाही. पण पूर्वार्धाचं काय? माँटेसरीचं नाव पाटीवर लावून जे लोक साचे वाटतात, त्यांच्या विरोधात खुद्द बाईच उभ्या आहेत.

आता पालकांचं म्हणणं. लिहायला शिकवा. मी त्या आईला दोष देत नाही. शेतमजुरीवर जाऊन जी फी भरते, तिला वही भरलेली दिसावी असं वाटणारच. तिला मनगटाबद्दल सांगायला हवं. आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती आठही कूर्चेची असतात, क्ष-किरणाच्या चित्रात दिसतसुद्धा नाहीत. पहिल्या काही महिन्यांत दोन दिसू लागतात, बाकीची एकेक करून साधारण सहाव्या वर्षापर्यंत आणि शेवटचं वाटाण्याएवढं हाड त्याच्याही बऱ्याच नंतर. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन चार रेघांत ‘अ’ बसवायला सांगणं म्हणजे न झालेल्या मनगटाकडून झालेल्या मनगटाचं काम मागणं. माती मळताना तळहात, अंगठा आणि बोटांची टोकं आपापल्या ताकदीप्रमाणे काम करतात; शिंग वळताना अंगठा आणि तर्जनी जी चिमूट धरतात तीच पुढे पेन्सिल धरते. पण यावरून मी असं वचन देणार नाही, की मातीचे बैल केलेलं मूल पहिलीत पहिलं येईल. मातीकामाची जाहिरात गुणांच्या भाषेत करणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. मूल बैल करतं कारण त्याला बैल करायचा असतो, आणि बालवाडीला एवढं कारण पुरायला हवं.

मानसशास्त्रज्ञ पियाजेचा एक प्रयोग मात्र त्या आईला सांगण्याजोगा आहे, कारण तो मातीनेच केला गेला. दोन सारखे गोळे मुलासमोर ठेवायचे, त्यातला एक लांबट वळायचा आणि विचारायचं, माती कशात जास्त? सहा-सात वर्षांपर्यंतची बहुतेक मुलं लांबट सुरळीत जास्त माती आहे असं सांगतात. बेरीज-वजाबाकी ज्या समजुतीवर उभी असते, म्हणजे आकार बदलला तरी ऐवज तेवढाच राहतो, ती समजूत वहीत भरून येत नाही. गोळ्याचा साप, सापाचा पुन्हा गोळा, त्या गोळ्याची बकरी करणाऱ्या हातांना ती तपासायला जागा मिळते.

आणि हे काही परदेशातून आयात केलेलं वेड नाही. बालशिक्षण महाराष्ट्रात रुजवणाऱ्या ताराबाई मोडक, जन्म १८९२, लग्नानंतर अमरावतीत राहिल्या; त्यांचे पती इथले वकील. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करू लागल्या, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९४५ साली बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम उभं केलं आणि नंतर ते अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर नेलं. महागडी परदेशी साधनं खेड्याला परवडणार नाहीत, म्हणून परिसरात मिळेल ते साधन करायचं, हा त्या दोघींचा आग्रह होता. बिया, शिंपले, पानं, माती. अंगणवाडी ही कल्पनाच तिथून आली: मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेऊ. इकडे विदर्भातच, सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत, १९४४ पासून देवी प्रसाद कलाशिक्षक होते. पुढे ते मातीच्या भांड्यांचे नामवंत कलावंत झाले. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ साली आलेला राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही खेळातूनच शिकवा म्हणतो. एवढं सगळं आपल्या दारात असताना पालकसभेत शिक्षिकेने ‘माती फक्त शनिवारी, अर्धा तास’ असं मान खाली घालून सांगावं, याचं मला वाईट वाटतं.

स्वच्छतेच्या आक्षेपाला मी हलक्यात घेणार नाही, कारण त्यातला काही भाग अगदी खरा आहे. उघड्यावर शौचाला बसण्याच्या जागेजवळच्या मातीत जंतांची अंडी असतात आणि ती महिनोन्‌महिने टिकतात. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला एक ते एकोणीस वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी उगीच दिली जात नाही. दुसरा धोका आपल्या भागातला आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही: फवारणी. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले. त्यानंतर तरी कपाशीच्या शेतातली वरची माती, किंवा ज्या धुऱ्यावर पंप धुतले जातात तिथली माती, मुलांच्या हातात देण्याचा विचार कोणी करू नये. नालीतला गाळ नको. रस्त्याकडेची नको.

पण यावरचा उपाय माती बंद करणं हा नाही, माती निवडणं हा आहे. खेड्यात काळी आणि पांढरी असा भेद आजही बोलला जातो: काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे गावठाणाची. बैलाला यातली कोणतीही एकटी चालत नाही. काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट गटाची खनिजं असतात, ती पाणी प्यायली की फुगतात आणि वाळली की आकसतात. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. तीच माती नुसती घेऊन केलेला बैल दुसऱ्या दिवशी पाठीवर तडकलेला असतो, तिसऱ्या दिवशी त्याचा पाय सुटतो, आणि शिक्षिका म्हणते, बघा, आपली माती चांगली नाही, विकतची आणू. माती चांगलीच आहे, तिला जोड हवी. तलावाचा किंवा विहिरीच्या खोदकामातला खालचा गाळ घ्यावा, उन्हात पसरून कडक वाळवावा, कुटून चाळावा. कुटणं-चाळणं मुलांसमोर करू नये, त्या धुळीचा छातीला त्रास होतो. मग उकळतं पाणी ओतून भिजत घालावा. निवल्यावर रात्रभर झाकून ठेवावा. त्यात बारीक रेती, थोडी राख आणि चिमूट-चिमूट पिंजलेला कापूस मळावा. कापसाचे तंतू मातीला आतून धरून ठेवतात, मूर्तिकार हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, आणि वऱ्हाडात कापूस शोधत कुठे जावं लागत नाही. कापूस नसला तर गव्हाचा बारीक भुसा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मातीत मीठ असतं. तिथल्या बैलाच्या अंगावर वाळल्यावर पांढरट थर येऊ शकतो. त्याने बैलाचं काही बिघडत नाही, मुलं त्याला पांढरा बैल म्हणतात. केलेले बैल सावलीत, ओलसर पोत्याच्या तुकड्याखाली हळूहळू वाळवावेत. हाताला जखम असलेल्या मुलाला त्या दिवशी माती देऊ नये, नखं कापलेली असावीत, शेवटी साबणाने हात धुवावेत, फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

एवढं केलं की जे उरतं ती माती असते, घाण नसते. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात हा फरक समजावून सांगावा लागू नये. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात १८७६ साली जन्मलेल्या त्या माणसाने आयुष्यभर हातात खराटा धरला आणि डोक्यावर मातीचं गाडगं ठेवलं. गावातली घाण काढणारा हात मातीच्याच भांड्यातून जेवत होता.

विकतच्या रंगीत मातीबद्दल थोडक्यात. प्लास्टिसिन इंग्लंडमधल्या बाथ गावच्या विल्यम हारबट या कलाशिक्षकाने १८९७ साली केलं, आणि ते वाळत नाही हाच त्याचा गुण. प्ले-डो १९५६ साली खेळणं म्हणून बाजारात आलं. मूळचं ते भिंतीवरचा कागद साफ करायचं द्रव्य. अमरावतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या घरात ही माती येत असेल तर येऊ द्या, काही न करण्यापेक्षा ती बरी. पण न वाळणारी माती मुलाला वाळणं शिकवत नाही, आणि भेग पडण्याआधी ओल धरायची असते हे त्यातून कधी कळत नाही. कणीक, मीठ आणि तेल मळून केलेल्या गोळ्याला मात्र माझा विरोध आहे. ज्या जिल्ह्यात मेळघाट आहे आणि तिथल्या कुपोषणाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो, तिथे अंगणवाडीत गव्हाचं पीठ खेळायला देऊ नये. पोळ्याच्या नैवेद्याला घरी आजी कणकेचा बैल करते ती गोष्ट निराळी.

अलीकडे एक चौथं म्हणणं ऐकू येतं आणि ते सुशिक्षितांचं आहे: शेतात ट्रॅक्टर आले, दावणीला बैल उरले नाहीत, मग मुलांकडून बैल करवून घेणं ही नुसती गतकाळाची आरास नाही का? माझं म्हणणं, मग बैल करू नका. मुलाने जे पाहिलं असेल ते करू द्या. अकोल्याच्या कुठल्याही गावातल्या पाच वर्षांच्या मुलाला विचारा, तुरीच्या शेतात कोण घुसतं? ते रोही, म्हणजे नीलगाय, सांगेल, रानडुक्कर सांगेल, आणि रोह्याची पुढची बाजू उंच नि मागची उतरती असते हे हाताने दाखवेल. शहरातलं मूल भाजीबाजारातली मोकाट गाय करेल, गच्चीवरचं माकड करेल, गल्लीतली कुत्री तिच्या पिल्लांसकट करेल. मेळघाटातल्या कोरकू मुलाकडे जी जनावरं आहेत ती माझ्या कल्पनेबाहेरची आहेत. पोळा हे फक्त निमित्त. विषय फळ्यावर लिहिला की मुलाने पाहिलेलं सगळं बाहेर राहतं.

आणि बैलच म्हणाल तर त्याला आपल्या परवानगीची गरज नाही. पुणे जिल्ह्यात इनामगावच्या उत्खननात, तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत, मातीची एक शीर नसलेली देवी आणि तिच्याबरोबर मातीचा लहानसा बैल सापडला. दोन्ही न भाजलेले, कच्चे. आमच्या बालवाडीतल्या बैलांसारखेच. ते कोणी आणि कशासाठी केले यावर तज्ज्ञ बोलतील. मला एवढं दिसतं की त्या बैलाला घडवणाऱ्याकडे साचा नव्हता.

जाता जाता एक गोष्ट, जी पालकसभेत उघड बोलली जात नाही पण मागाहून कुजबुजली जाते: ‘हे तर कुंभाराचं काम.’ तिच्यामुळेच मला हे लिहिताना राग येतो. ज्याला माती कळते तो आपल्या गावातला माणूस पोळ्याआधी रस्त्याच्या कडेला बैलजोड्या मांडून बसतो, आपण घासाघीस करतो, आणि त्याला जे ठाऊक आहे ते ज्ञान आहे असं मुलांना कधी सांगत नाही. माती का तडकते आणि तिला कशाची जोड लागते हे मी जे वर लिहिलं, त्यातलं बरंचसं अशाच लोकांकडून ऐकलेलं आहे.

तर यंदाच्या पोळ्यासाठी माझी मागणी साधी आहे. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लेकरांच्या पोळ्याच्या, दिवशी शाळांतून ‘उत्कृष्ट सजावट’ म्हणून जी बक्षिसं वाटली जातात, ती बंद करावीत. ती आईबापांनी बाजारातून आणलेल्या बैलाला आणि झुलीला मिळतात. तीन ते सहा वयाच्या मुलांत पहिला-दुसरा नंबर काढूच नये. त्याऐवजी आठवडाभर रोज माती द्यावी, कारण पहिले दोन दिवस मुलं नुसती थापटणार आणि बैल चौथ्या दिवशी येणार. प्रत्येक बैलासमोर मुलाचं नाव आणि त्याने बैलाबद्दल जे सांगितलं ते त्याच्याच वऱ्हाडीत, न सुधारता, चिठ्ठीवर लिहून ठेवावं. पाहायला आलेल्या पालकांनी ती चिठ्ठी वाचावी आणि बैलाला हात लावू नये. सण झाल्यावर ज्या मुलांना बैल घरी न्यायचे असतील त्यांनी न्यावेत, बाकीचे पुन्हा घमेल्यात भिजत घालावेत, त्याच मातीतून पुढच्या आठवड्यात बकऱ्या होतील. आणि बक्षिसांचे जे पैसे वाचतील त्यातून गावातल्या कुंभाराला दोन दिवसांची पूर्ण मजुरी देऊन शाळेत बोलवावं, मुलांसमोर माती मळायला.